टर्बोचा शोध लावणाऱ्यालाच २० वर्षं बूस्ट मिळत नव्हता, तोडगा सापडला तो पाईपात

भिवंडीच्या गोदामातून माल भरून पिकअप निघते. शहापूरपर्यंत सगळं ठीक असतं. कसारा घाट सुरू झाला की मात्र गाडी दम टाकते. पाय पूर्ण खाली, इंजिनाचा आवाज वाढतोय, मागून काळा धूर निघतोय, पण गाडी काही ओढत नाही. तिसरा टाकला, दुसरा टाकला, तरी मागचे ट्रक हॉर्न देत पुढे जातात. नाशिकला पोचल्यावर गाडी गॅरेजला लागते आणि अनेकदा पहिला अंदाज ऐकायला मिळतो तो टर्बो गेल्याचा.

आता टर्बो बदलायचा म्हणजे खिशाला मोठी कात्री. आणि गंमत अशी की नवीन टर्बो बसवूनही काही गाड्या घाटात तशाच रडतात. कारण दोष टर्बोत नसतोच.

ही डोकेदुखी सगळ्यात आधी ज्या माणसानं सोसली त्याचं नाव अल्फ्रेड ब्युखी. टर्बोचार्जरचं पेटंट याच्याच नावावर आहे. आणि आपल्याच यंत्राचा बूस्ट कमी का पडतोय हे शोधण्यात या माणसाची तब्बल २० वर्षं गेली.

तर गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर या गावात. ११ जुलै १८७९ रोजी अल्फ्रेडचा तिथे जन्म झाला. विंटरथूर म्हणजे कारखान्यांचं गाव, आणि गावातला सगळ्यात मोठा कारखाना सुल्झर बंधूंचा. अल्फ्रेडचे वडील योहान ब्युखी याच सुल्झरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. त्यामुळे पोराच्या कानावर लहानपणापासून इंजिनांच्याच गप्पा.

इथे एक योगायोग सांगायलाच हवा. १८७९ सालीच म्युनिकहून एक विद्यार्थी सुल्झरच्या कारखान्यात कामाला आला होता. त्याला टायफॉइड झाला, त्यात परीक्षा हुकली, आणि पुढच्या परीक्षेपर्यंतचा रिकामा वेळ तो विंटरथूरमध्ये हातानं काम शिकण्यात घालवत होता. त्या विद्यार्थ्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. म्हणजे ज्याच्या नावाचं इंजिन आज तुमच्या पिकअपमध्ये आहे आणि ज्याचा टर्बो त्याच इंजिनावर बसलाय, ते दोघं एकाच वर्षी एकाच गावात होते. फक्त एक कारखान्यात, तर दुसरा पाळण्यात.

पुढे सुल्झरनं डिझेलशी करार केला आणि १८९८ मध्ये आपलं पहिलं डिझेल इंजिन चालवून दाखवलं. तेव्हा अल्फ्रेड १८ वर्षांचा होता. १८९९ मध्ये त्यानं झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि १९०३ मध्ये पास होऊन बाहेर पडला. मग बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकऱ्या केल्या.

या नोकरीच्या काळात त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. इंजिनात जे इंधन जळतं, त्यातली फक्त काही ऊर्जा चाकांपर्यंत जाते. बाकीची पाण्यातून, तेलातून, आणि मोठा हिस्सा धुरावाटे हवेत निघून जातो. गरम, जोरात बाहेर पडणारा धूर. आपण पैसे देऊन आणलेलं इंधन, आणि त्याची ताकद सायलेन्सरमधून फुकट चाललीय. ब्युखीला हे बघवत नव्हतं.

त्याचा विचार साधा होता. धूर इतक्या जोरात बाहेर पडतोच आहे, तर वाटेत एक पंखा ठेवू. धूर पंखा फिरवेल. त्या फिरण्यावर दुसरा पंखा चालवू, जो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबेल. हवा जास्त गेली की जास्त इंधन नीट जळणार, आणि तेवढ्याच आकाराचं इंजिन जास्त ताकद देणार. ही जादा दाबलेली हवा म्हणजेच बूस्ट.

हवा दाबून इंजिनात भरायची ही कल्पना काही त्याची एकट्याची नव्हती. गॉटलीब डाइम्लर आणि खुद्द डिझेलनंही ती आजमावून बघितली होती. पण हवा दाबायचं काम धुराकडून करून घ्यायचं, ही ब्युखीची कल्पना. १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यानं जर्मनीत पेटंट नोंदवलं. नंबर २०४६३०. पोरगा होता २६ वर्षांचा.

पेटंट मिळालं म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं. पण कागदावरचा पंखा फिरवायला खरा पंखा लागतो. धुराचा पंखा लालबुंद उष्णतेत फिरणार, तो वितळायला नको, वाकायला नको. हवेचा पंखा प्रचंड वेगात फिरणार, त्याची पाती हवा नीट पकडायला हवीत. तेव्हाचा धातू आणि तेव्हाचे पंखे, दोन्ही या कामाला कच्चे होते.

१९०९ मध्ये ब्युखी मायदेशी परतला आणि सुल्झरमध्येच डिझेल इंजिनांवरच्या संशोधनाला लागला. १९११ पासून तिथे टर्बोचे प्रयोग सुरू झाले. १९१५ च्या सुमारास टर्बो लावलेलं इंजिन उभंही राहिलं. पण बूस्ट टिकत नव्हता. हवेचा दाब हवा तेवढा चढायचा नाही, आणि चढला तरी राहायचा नाही. थोडक्यात, कसारा घाटातल्या त्या पिकअपचीच तक्रार.

आपलं यंत्र चालत नाही, आणि ते बघायला आजूबाजूला सगळे शहाणे इंजिनिअर उभे आहेत, हा काळ कसा असेल याचा विचार करा. त्याच्या कल्पनेवर फारसा कुणाचा विश्वास उरला नव्हता.

त्यातच पहिलं महायुद्ध पेटलं आणि टर्बोचा विचार दुसऱ्यांनीही सुरू केला. विमान उंच गेलं की हवा विरळ होते, इंजिनाला श्वास पुरत नाही. म्हणून फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यानं विमानाच्या इंजिनाला टर्बो लावला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यानं १९१८ मध्ये लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन थेट पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर नेऊन टर्बोची चाचणी घेतली. पेटंट ब्युखीचं, आणि बातम्यांत दुसरेच.

पण ब्युखीला विमानापेक्षा डिझेल इंजिनात रस जास्त होता. जहाजं, वीजघरं, रेल्वे, जिथे इंजिन दिवसरात्र ओझं ओढतं तिथे. आणि खरी अडचण तिथेच होती.

आता थोडं नीट वाचा, कारण गोष्टीचा जीव इथे आहे.

इंजिनाच्या सिलिंडरमधून धूर सलग येत नाही. झडप उघडली की एक जोराचा फुत्कार येतो, मग थांबतो, मग दुसऱ्या सिलिंडरचा येतो. सगळ्या सिलिंडरचा धूर एकाच जाड पाईपात सोडला की हे फुत्कार एकमेकांत मिसळून विरून जातात. पाईपात नुसता एकसारखा दाब उरतो. पंख्याला मिळायचा तो धक्का मिळत नाही. शिवाय आणखी एक भानगड. धुराच्या पाईपातला दाब आत येणाऱ्या हवेच्या दाबापेक्षा जास्त झाला, तर सिलिंडरमधला जळका धूर पूर्ण बाहेर पडत नाही. नवी हवा आत यायला जागाच उरत नाही. म्हणजे टर्बो लावूनही इंजिन गुदमरतं.

ब्युखीनं काय केलं, तर जाड पाईप काढून टाकला. त्याऐवजी बारीक बारीक वेगळे पाईप घेतले. ज्या सिलिंडरचे फुत्कार एकमेकांच्या आड येत नाहीत, तेवढेच एका पाईपाला जोडले. प्रत्येक फुत्कार पूर्ण जोरानं पंख्यापर्यंत पोचू लागला. आणि दोन फुत्कारांच्या मधल्या क्षणी पाईपातला दाब खाली यायचा, तेव्हा ताजी हवा सिलिंडरमध्ये घुसून उरलासुरला धूर ढकलून बाहेर काढायची. १९२५ मध्ये या पद्धतीचं पेटंट त्याच्या नावावर झालं. इंग्रजीत याला पल्स पद्धत म्हणतात. आज जाहिरातीत ट्विन स्क्रोल टर्बो म्हणून जे मिरवलं जातं, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

पंखेही तोवर सुधारले होते, हे खरं. बाडेनच्या ब्राऊन बोव्हेरी कंपनीनं जून १९२४ मध्ये ब्युखीच्या देखरेखीखाली मोठ्या इंजिनासाठीचा पहिला टर्बो बनवून विंटरथूरच्या स्विस लोकोमोटिव्ह कारखान्याला दिला होता. पण चांगल्या पंख्याला चांगली वाट मिळाली तेव्हाच बूस्ट मिळाला.

हेच नेमकं आपल्या पिकअपला लावून बघा. बूस्ट कमी पडतोय, तर बघायची सुरुवात टर्बोपासून नाही, वाटेपासून करायची. घरी, अंगणात, गाडी थंड असताना, इंजिन बंद करून. (इंजिन थंड असताना हे ठळक अक्षरात वाचा, टर्बोचं कवच तुमचा तवा आहे असं समजा.)

आधी हवा आत कुठून येते ते. एअर फिल्टरचा डबा उघडा. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर मातीनं इतका भरलेला असतो की टर्बो बिचारा काय ओढणार. फिल्टर ठीक असेल तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी पाईप हातानं चाचपा. नुसतं वरून बघू नका. पाईप खालच्या बाजूला फाटतो, आणि फट दाब आला तरच उघडते. बंद गाडीत तो पाईप एकदम धडधाकट दिसतो. म्हणून दाबून, वाकवून बघायचं. आतून थोडं तेलकट असणं चालतं, पण एखाद्याच जोडाच्या बाहेर तेल आणि धूळ मिळून काळा चिखल साचला असेल, तर हवा तिथूनच निसटतेय. कित्येकदा क्लिप ढिली असते, बस्स. पेचकस घ्या आणि आवळा.

काळ्या धुराचं गणितही इथेच सुटतं. काळा धूर म्हणजे इंधन आलं पण त्याला पुरेल एवढी हवा आली नाही. टर्बोनं हवा दाबली, पण ती इंजिनात पोचायच्या आधीच फटीतून निघून गेली. सोबत चढावर सूं किंवा फुस्स असा नवा आवाज येत असेल तर शंकाच नको. नव्या गाड्यांत मात्र कॉम्प्युटर स्वतःच इंधन कमी करतो. तिथे धूर दिसेलच असं नाही. गाडी नुसती मरगळते, एका वेगाच्या पुढे जात नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

यात एक चूक सगळेच करतात. इंजिन जागेवर चालू ठेवून पाईपावर साबणाचं पाणी टाकतात आणि बुडबुडे आले नाहीत म्हणून पाईप ओके करतात. पण गाडी जागेवर घरघरत असताना बूस्ट जवळपास नसतोच, बुडबुडे येणार कुठून. त्यासाठी इंजिन बंद ठेवून बाहेरून कमी दाबाची हवा भरावी लागते, आणि टायरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावला तर धड असलेला पाईपही निसटेल. ते काम जमत नसेल तर गॅरेजवाल्यावर सोडा.

मग बघायची धुराची वाट, जिच्यावर ब्युखीची इतकी वर्षं गेली. इंजिन आणि टर्बो यांच्या मधल्या जोडावर, पॅकिंगपाशी, काजळीचे काळे ओघळ दिसतात का? सकाळी थंड गाडी चालू केल्यावर टिक टिक आवाज येऊन गरम झाल्यावर कमी होतो का? तिथून धूर निसटत असेल तर टर्बोच्या पंख्याला मिळणारा धक्का वाटेतच मेला. उलट बाजूला, टर्बोच्या पुढे सायलेन्सर तुंबला असेल तरीही तेच.

टर्बोच्या अंगाला एक छोटी दांडी असते, ती बूस्ट किती द्यायचा ते ठरवते. बऱ्याच पिकअपमध्ये ती बोटाएवढ्या रबरी नळीतून येणाऱ्या व्हॅक्यूमवर हलते. ती नळी उन्हातान्हात कडक होऊन तडकते. किमतीला किरकोळ असलेली ही नळी अख्ख्या टर्बोचं नाव खराब करते. दांडी हलतच नसेल तर आत काजळी बसून पाती अडकल्याची शक्यता आहे.

ज्यांच्याकडे मोबाईलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर आहे, त्यांनी एक गोष्ट करून बघावी. चावी चालू, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचा आकडा वाचायचा. इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे. मुंबईत सुमारे १०० किलोपास्कल, नाशिकला उंचीमुळे ९५ च्या आसपास. तिथेच आकडा भलताच येत असेल, तर बूस्ट मोजणाराच खोटं बोलतोय. बिचारा टर्बो फुकट बदनाम.

एवढं सगळं नीट निघालं, तरच टर्बोकडे वळायचं. हवेच्या बाजूचा पाईप काढा, पंखा बोटानं हळूच फिरवा. बाजूला किंचित हलला तर घाबरू नका, तेवढी जागा तेलासाठी ठेवलेली असते. पण पाती कवचाला घासत असतील, टोकं तुटली असतील किंवा पंखा आतबाहेर सरकत असेल, तर टर्बो खरंच गेला. आणि पाईपात तेल साचलंय, मागून निळा धूर येतोय, अशी गाडी चालवूच नका. टर्बोतून आलेलं तेलच इंधन म्हणून जळू लागलं, तर चावी बंद करूनही डिझेल इंजिन थांबत नाही.

तर, परत ब्युखीकडे.

१९२५ मध्ये त्यानं १० सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवले आणि १,७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २,५०० हॉर्सपॉवर देऊ लागलं. इंजिन तेवढंच, ताकद ४० टक्क्यांहून जास्त. ही इंजिनं जर्मन सरकारच्या दोन प्रवासी जहाजांसाठी होती, प्रॉयसेन आणि हान्सेश्टाट डान्झिग. ही जहाजं बांधण्यामागेही राजकारण होतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात पूर्व प्रशिया हा भाग उरलेल्या जर्मनीपासून तुटला होता आणि मध्ये पोलंडची पट्टी आली होती. ती टाळून समुद्रातून माणसं न्यायची, म्हणून ही सेवा.

ज्या कल्पनेला विंटरथूरमध्ये कुणी फार विचारत नव्हतं, तिच्या मागे आता कारखानदार लागले. १९२६ मध्ये ब्युखीनं सुल्झर सोडलं. वडिलांनी जिथे आयुष्य काढलं, स्वतः जिथे इतकी वर्षं घालवली, ती नोकरी वयाच्या ४७ व्या वर्षी सोडणं सोपं नसणार. त्यानं ब्राऊन बोव्हेरी आणि स्विस लोकोमोटिव्ह यांच्यासोबत एक गट उभा केला. टर्बो ब्राऊन बोव्हेरीनं बनवायचे, चाचणीला इंजिन स्विस लोकोमोटिव्हनं द्यायचं, आणि तांत्रिक बाजू व गिऱ्हाईक ब्युखीनं सांभाळायचं. मग परवाने विकले गेले, आणि जहाजं, रेल्वेचे डबे, वीजघरं असा टर्बो पसरत गेला.

रस्त्यावर यायला त्याला अजून वेळ लागला. जहाजाच्या इंजिनाचा टर्बो माणसापेक्षा मोठा असला तरी चालतो, ट्रकच्या बॉनेटखाली तो मावायला हवा. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीनं टर्बो लावलेलं ट्रकचं डिझेल इंजिन आणलं. त्याच वर्षी झ्युरिकच्या ज्या संस्थेत ब्युखी शिकला होता, तिनं त्याला मानद डॉक्टरेट दिली. पेटंट नोंदवून तेव्हा ३३ वर्षं झाली होती.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरमध्येच ब्युखीचं निधन झालं. वय ८० वर्षं. तोवर टर्बो मोठ्या डिझेल इंजिनांचा नेहमीचा भाग बनला होता, पण सामान्य माणसाच्या गाडीत तो अजून आला नव्हता. १९६२ मध्ये अमेरिकेत टर्बोवाल्या पहिल्या पेट्रोल कार बाजारात आल्या. आणि शोरूममध्ये जाऊन विकत घेता येईल अशी टर्बो डिझेल कार, मर्सिडीजची ३०० एसडी, आली १९७८ मध्ये. ब्युखीला जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती.